खाजणारा चट्टा आणि न खाजणारा चट्टा

कोल्हापुरात जून ते सप्टेंबर कपडे धड वाळत नाहीत. जांघेत, कमरेला, काखेत गोल चट्टे उठायला एवढं पुरतं. मग माणूस औषधाच्या दुकानात जाऊन ‘खाजेचं मलम द्या’ म्हणतो. चट्ट्यांबद्दलचे असे काही समज एकेक करून तपासू.

‘दोन दिवसांत खाज थांबली, म्हणजे मलम लागू पडलं.’

नायटा, म्हणजे गजकर्ण, बुरशीमुळे होतो. सर्रास खपणाऱ्या मिश्र मलमांत बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासोलसारखं जोरकस स्टेरॉइड असतं. ते लाली आणि खाज दाबतं, पण बुरशीशी झगडणारी प्रतिकारशक्तीही दाबतं. मलम सोडलं की चट्टा आधीपेक्षा मोठा होऊन परत येतो. त्याची ओळखीची कड पुसली गेल्याने डॉक्टरही चकतात. महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते आणि जांघेत पडलेले व्रण कायमचे राहतात. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. काउंटरवर मात्र तो नियम फारसा दिसत नाही. त्यात भारतात फैलावलेल्या, २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव मिळालेल्या बुरशीवर टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध अनेकदा चालत नाही. म्हणून अंदाजाने औषध घेणं आता जास्त महागात पडतं.

‘आखाड्याच्या मातीत हळद-ताक असतं, पैलवानाला नायटा होत नाही.’

होतो. अंगाला अंग घासलं की बुरशी पसरते, आणि कुस्तीगिरांचा नायटा जगभरच्या वैद्यकाला ठाऊक आहे. ओला लंगोट आणि सगळ्यांत फिरणारा टॉवेल तिला मदतच करतात. वस्तादांनी चट्टा असलेल्या पोराला काही दिवस जोड देऊ नये, हे मातीत हळद घालण्यापेक्षा उपयोगी.

‘तपासणीला मोठी लॅब लागते.’

चट्ट्याच्या कडेचा कोंडा बोथट पात्याने खरवडायचा, काचेवर घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. बुरशीचे धागे दिसतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिवताप आणि क्षय तपासायला जो सूक्ष्मदर्शक असतो, तोच पुरतो.

‘खरूज घाणेरड्या लोकांना होते.’

खरजेचा किडा साबण किती वापरता ते विचारत नाही. तो जवळच्या स्पर्शाने पसरतो, म्हणून ऊसतोड टोळीची खोप असो की वसतिगृह, दाटीत राहणाऱ्यांना गाठतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये खरजेला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतलं. परमेथ्रिन मलम घरातल्या सगळ्यांनी, खाज नसली तरी, एकाच रात्री लावायचं आणि सात ते चौदा दिवसांनी पुन्हा. एकट्यानेच लावलं तर घरातूनच ती परत येते. उपचारानंतर दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. तेवढ्यावरून औषध फुकट गेलं असं समजू नये.

‘खाजत नाही, दुखत नाही, मग कशाला दाखवायचं?’

सगळ्यांत घातक समज हा. फिकट किंवा लालसर, खाज नसलेला आणि स्पर्श न कळणारा चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो. डोळे मिटायला सांगून कापसाच्या टोकाने स्पर्श करायचा. कुठे टेकवलं ते बोटाने दाखवता आलं नाही तर संशय घ्यायचा. खर्च शून्य. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजारी एकाखाली आलं, त्यामुळे तो संपला असं लोकांना वाटतं. जगातले निम्म्याहून अधिक नवे रुग्ण आजही भारतातच सापडतात. कोल्हापुरातल्या शेंडा पार्कच्या कुष्ठधामाचं नाव काढताच आवाज खाली नेणारी माणसं शहरात आहेत, आणि ही लाजच रुग्णाला उशीर करायला लावते. बहुविध औषधोपचार सरकारी केंद्रात मोफत मिळतो, प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने. उपचार सुरू होताच संसर्गाचा धोका झपाट्याने उतरतो. उशीर झाला तर मात्र बधिर झालेले हातपाय पूर्ववत होतीलच असं नाही.

चट्टा महिनाभर टिकला तर जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवा, आणि आतापर्यंत लावलेल्या मलमाची ट्यूब सोबत न्या.