भुजंगधारीतला धुमसता जोडतारा

भुजंगधारी तारकासमूहातल्या ‘आरएस ऑफियुकी’ला एरवी कोणी विचारत नाही. दुर्बिणीशिवाय तो दिसतच नाही. पण १८९८, १९३३, १९५८, १९६७, १९८५, २००६ आणि २०२१ साली तो भडकला आणि काही दिवस अंधाऱ्या आकाशात नुसत्या डोळ्यांना दिसू लागला.

हा जोडतारा आहे. एक म्हातारा, फुगलेला तांबडा राक्षसी तारा आणि दुसरा पृथ्वीएवढा, पण सूर्यापेक्षा जड श्वेत बटू. सव्वा वर्षात ते एकमेकांभोवती फेरी पुरी करतात. राक्षसाच्या अंगावरून सतत वायू सुटतो आणि त्यातला काही बटूवर साचतो. दाब आणि तापमान पुरेसं वाढलं की त्या थरातला हायड्रोजन एकाएकी पेटतो. अशा भडकणाऱ्या ताऱ्याला नवतारा म्हणतात. बहुतेक नवताऱ्यांमध्ये उडालेला माल मोकळ्या अवकाशात पसरतो. इथे मात्र तो राक्षसाच्या वायूत घुसतो आणि चिखलात पळणाऱ्या माणसासारखा मंदावत जातो. मला या ताऱ्याचं खरं आकर्षण इथेच वाटतं: स्फोट बटूचा, पण माहिती मिळते ती राक्षसाची.

बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेने ही माहिती चिकाटीने गोळा केली आहे. १९८५ च्या स्फोटानंतर तमिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेत या ताऱ्याचे वर्णपट घेतले गेले. जी. सी. अनुपमा आणि टी. पी. प्रभू यांनी १९८९ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. वर्णपटात बरेच इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाच्या रेषा होत्या. त्यासाठी दहा लाख अंशांच्या घरातलं तापमान लागतं. अशा रेषा सूर्याच्या प्रभामंडलात दिसतात. ही संस्था कोडाईकनालच्या सौर वेधशाळेच्या परंपरेतून वाढली, म्हणजे ओळख घरचीच म्हणायची!

२००६ मध्ये साधनं बदलली होती. लडाखमधल्या हानलेची दोन मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण बंगळूरजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवता येत होती. त्याच वेळी नारायणगावजवळच्या खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस रेडिओ अँटेना या ताऱ्याकडे वळल्या. पुण्याच्या खगोलशास्त्रज्ञ निमिषा कांथारिया आणि बंगळूरच्या मंडळींना १.४ गिगाहर्ट्झच्या खाली त्याचे रेडिओ संकेत प्रथमच मिळाले. राक्षसाचा विद्युतभारित वायू कमी वारंवारतेच्या लहरी गिळतो. स्फोटाची लाट त्यातून बाहेर सरकली, की मगच त्या निसटतात. त्यामुळे कोणती लहर कधी उगवली, यावरून तो वायू किती दाट आहे याचा अंदाज बांधता येतो.

ऑगस्ट २०२१ च्या स्फोटात नामिबिया आणि ला पाल्मा इथल्या दुर्बिणींनी अतिऊर्जावान गॅमा किरणही टिपले.

खरा वाद आहे तो बटूच्या वजनाचा. श्वेत बटूच्या वस्तुमानाला चंद्रशेखरांनी घालून दिलेली १.४ सूर्यवस्तुमानांची कमाल मर्यादा त्याच्यापासून फार दूर नाही. प्रत्येक स्फोटात साचलेल्या मालातलं थोडंफार तो स्वतःकडे राखत असेल, तर कधीतरी ती ओलांडली जाईल. तो कार्बन-ऑक्सिजनचा असेल तर अतिनवतारा होऊन संपेल. ऑक्सिजन-निऑनचा असेल तर तो आत कोसळून न्यूट्रॉन तारा बनेल.