संगणकाचा काळा फळा

चित्रांनी आणि खिडक्यांनी नटलेला संगणकाचा पडदा सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु संगणकात आणखी एक पडदा असतो. त्यावर केवळ अक्षरे उमटतात. त्यास टर्मिनल म्हणतात. या काळ्या फळ्यावर हव्या त्या जागी, हव्या त्या रंगात अक्षर कसे काढावयाचे, हे येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा मानस आहे.

टर्मिनलकडे मजकूर आणि आज्ञा ही दोन्ही एकाच वाटेने येतात. मग आज्ञा कोणती हे त्यास कळावे कसे? त्यासाठी ‘एस्केप’ हे २७ क्रमांकाचे अदृश्य चिन्ह योजिले आहे. त्यामागून चौकोनी कंस, ३१ हा आकडा आणि लहान लिपीतील एम आला, की पुढील मजकूर तांबडा उमटतो. ३१ ऐवजी ३२ दिल्यास तो हिरवा होतो, आणि शून्य दिल्यास मूळ रंग परत येतो. तसेच ओळीचा व स्तंभाचा आकडा देऊन मोठ्या लिपीतील एच लिहिला, तर कर्सर, म्हणजे लिहिण्याची जागा दाखविणारी खूण, तेथे जाऊन बसते.

पूर्वी मात्र निरनिराळ्या कारखान्यांच्या टर्मिनलांची सांकेतिक भाषा निरनिराळी असे. म्हणून अमेरिकेतील बर्कले येथील विद्यापीठात बिल जॉय यांनी १९७८ मध्ये ‘टर्मकॅप’ हा जणू या भाषांचा कोशच रचिला. त्याच्या आधारे केन अर्नोल्ड यांनी १९८० च्या सुमारास ‘कर्सेस’ ही लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञांचा संग्रह, सिद्ध केली. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘शाप’ असा होतो. प्रोग्रॅम लिहिणारांस मात्र ती वरदानच ठरली.

तिची काटकसर पाहण्यासारखी आहे. २४ ओळी आणि ८० स्तंभ यांचा पडदा भरण्यास १९२० अक्षरे लागतात. त्या काळच्या मंद तारेवरून सेकंदास ३० अक्षरे येत. म्हणजे एक पडदा भरावयास ६४ सेकंद! कर्सेस पडद्याचे जुने व नवे चित्र स्मृतीत ठेवून त्यांची तुलना करते आणि बदललेला भाग तेवढाच धाडते. पाचव्या ओळीतील एक खूण दहाव्या स्तंभातून अकराव्यात न्यावयाची, तर कर्सर हलविण्यास सात चिन्हे, जुनी खूण पुसण्यास एक व नवी काढण्यास एक, अशी नऊ चिन्हे पुरतात. एका सेकंदाच्या तृतीयांशाहूनही कमी वेळात काम होते.

आम्ही हे प्रथम करून पाहिले, तेव्हा आमचा प्रोग्रॅम मध्येच बंद पडला. त्यानंतर टंकलेली अक्षरे पडद्यावर दिसेनात! यंत्रच बिघडले असे वाटून आमचे धाबे दणाणले. वस्तुतः टंकलेली अक्षरे दाखवू नयेत, अशी आज्ञा आम्हीच दिली होती. ती मागे घेण्यापूर्वीच प्रोग्रॅम थांबला. न दिसणाऱ्या अक्षरांत ‘रीसेट’ असे टंकून एंटर दाबताच सर्व पूर्ववत झाले. पायथॉन भाषेत ‘रॅपर’ नावाची सोय असून, प्रोग्रॅम कोसळला तरी ती टर्मिनल मूळ स्थितीस आणते. आता आम्ही तिच्यावाचून एक ओळही लिहीत नाही.

तास संपल्यावर पुढच्या वर्गासाठी फळा पुसून ठेवण्याची आपल्या शाळेची शिस्त आहे. संगणकाच्या फळ्यासही तोच नियम लागू आहे, एवढे आम्हांस त्या दिवशी उमगले.