घासलेलं पिस्तूल: झीज खरी की केलेली?

मंडळी, टेबलावर दोन पिस्तुलं आहेत. दोन्ही ईस्ट इंडिया कंपनीच्या घोडदळाची म्हणून आम्ही घेतली. एक खरं निघालं. दुसऱ्यावर आम्ही फसलो. नळी खरबरीत, लाकूड काळवंडलेलं, पितळेवर मळ. जुनं दिसायला आणखी काय हवं, असं म्हणून पैसे मोजले आणि घरी आणून खोललं.

ही ठासणीची, चकमकीची पिस्तुलं. घोडा पडला की गारगोटी पोलादी पट्टीवर घासते, ठिणगी रंजकाच्या वाटीत पडते, आणि कानाच्या बारीक भोकातून आग आतल्या दारूला लागते. आता सांगा, वापरलेल्या हत्याराची झीज कुठं दिसायला हवी? पट्टीच्या तोंडावर उभे ओरखडे, कानाचं भोक आगीनं खाल्लेलं, तळहात बसतो तिथं मूठ गुळगुळीत. खोगिराच्या चामडी म्यानातून सारखं आत-बाहेर झाल्यामुळे नळीच्या तोंडाच्या कडाही मऊ. आमच्या नकली पिस्तुलाला सगळीकडे एका मापाचे खड्डे होते आणि पट्टीवर एक ओरखडा नाही! गंज अशी समान वाटणी करत नाही, तेजाब करतं.

मग छापेकडे बघा. कंपनीच्या हत्यारांवर आधी खण पाडलेला बदाम आणि त्यात कंपनीची अक्षरं असत. साधारण 1808 पासून मुकुट धरून उभा असलेला सिंह आला. आमच्या पिस्तुलावर सिंह होता आणि शेजारी सन 1796. बरं, तेवढंही सोडा. खरी छाप हत्याराबरोबरच झिजते, तिच्या कडा पुसट होतात. आमचा सिंह गंजाच्या खड्ड्यांवरून कोरलेला होता. भिंग पाच मिनिटं आधी काढलं असतं तर कळलं असतं, पण घासाघीस करायच्या नादात ते खिशातच राहिलं.

पण प्रत्येक विसंगती म्हणजे लबाडी नव्हे हं. एकोणिसाव्या शतकात टोपीची यंत्रणा आल्यावर कित्येक चकमकी तिच्यावर बदलल्या गेल्या. बुजवलेली भोकं दिसली तर ती त्या काळातली दुरुस्ती असू शकते. उलट चकमकीला भाव जास्त मिळतो म्हणून पुन्हा चकमक बसवणारेही आहेत, तेव्हा नवे भाग ओळखायला शिका. यंत्र उघडलं की जुन्या कारागिरानं जोडीच्या भागांवर कानशीनं केलेल्या खुणा बऱ्याचदा सापडतात. त्या जुळल्या तर जीव भांड्यात पडतो.

एक विनंती. घेतल्याबरोबर चिंच लावून पितळ लखलखीत करू नका. जो मळ काढाल त्याबरोबर पुरावाही जाईल. आणि हातात घेतल्यावर पहिलं काम: नळीत लाकडी काडी घालून खोली मोजा. ती कानाच्या भोकापर्यंत पोचली नाही तर आत अजून बार असू शकतो. मग छेडछाड न करता जाणकाराकडे न्या.

कायद्याचं थोडक्यात. 1959 च्या शस्त्र कायद्यातली सूट दुरुस्त करूनही उडणार नाही अशाच जुन्या हत्याराला आहे. म्हणजे नुसतं जुनं असून भागत नाही. शंका असेल तर पैसे देण्याआधी पोलिसांच्या परवाना शाखेत विचारा.

आता पुढे या. दोन्हींचे स्क्रू सैल करून ठेवलेत, भिंग इथं आहे. कुठलं खरं ते आम्ही सांगणार नाही.