ख्रिस्ती सत्कर्मामागील हेतु : कागदपत्रें वाचतांना लक्षांत ठेवण्याजोगा भेद

१. ताम्रपट व जुनीं दानपत्रें वाचण्याची संवय असलेल्या संशोधकास दानाचा हेतु शोधावा लागत नाहीं. आईबापांचें व आपलें पुण्य आणि यश वृद्धिंगत व्हावें, अशा अर्थाचें वाक्य त्यांत ठरलेल्या जागीं येतें. पुढें त्याच संशोधकाच्या हातीं गोमंतकांतील एखाद्या ख्रिस्ती गृहस्थाचें मृत्युपत्र पडलें, व त्यांत भुकेल्यांस अन्न, अनाथ मुलींच्या विवाहास द्रव्य आणि मृताच्या नांवें प्रार्थनाविधि यांची तजवीज दिसली, म्हणजे तो ‘पुण्यार्थ दान’ असा शेरा लिहून मोकळा होतो. हा शेरा अगदींच खोटा नव्हे. परंतु तो अपुरा आहे. सत्कर्म कां करावें, या एका प्रश्नावरून सोळाव्या शतकांत पश्चिम युरोपांतील ख्रिस्ती समाज दुभंगला. तो प्रश्न लक्षांत न घेतां त्या समाजाचीं दानपत्रें वाचणें म्हणजे अक्षर वाचून आशय सोडणें होय. म्हणून या विषयाचें थोडें विवेचन येथें करीत आहों.

२. वादाचें मूळ ख्रिस्ती शास्त्रग्रंथांतच आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायांत, लोकांनीं पाहावें म्हणून दान करूं नये, तें गुप्तपणें करावें, अशी शिकवण आहे. पण गुप्त दानाचें फळ देव देईल, असें आश्वासनही तेथेंच आहे. पंचविसाव्या अध्यायांत अंतिम न्यायाचें वर्णन असून भुकेला, तान्हेला, परका, उघडा, रोगी व बंदिवान यांची केलेली सेवा ती प्रत्यक्ष ख्रिस्ताचीच सेवा, असें सांगितलें आहे. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, या वर्णनांतील सज्जनांस आपण कोणाची सेवा केली हें ठाऊकच नसतें. पौल करिंथकरांस लिहितो कीं, सर्वस्व वांटून टाकलें पण प्रीति नसली तर तें व्यर्थ आहे. इफिसकरांस तो बजावतो कीं, तारण हें कृपेचें दान आहे, कर्माची मिळकत नव्हे. उलट याकोबाच्या पत्रांत कर्मावांचून विश्वास मेलेला म्हटला आहे.

३. मार्टिन ल्यूथर यानें इ. स. १५२० मध्यें सत्कर्मांवर एक स्वतंत्र निबंध लिहिला. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, मनुष्य देवापुढें निर्दोष ठरतो तो केवळ विश्वासानें. सत्कर्म हें त्या विश्वासाचें फळ आहे. झाड चांगलें असेल तर फळ आपोआप चांगलें येतें. फळें बांधून झाड चांगलें होत नाहीं. स्वर्ग पदरांत पाडण्याची चिंता मिटली, म्हणजेच शेजाऱ्याची सेवा निखळपणें त्याच्यासाठीं करतां येते. इ. स. १५६३ च्या हायडेलबर्ग येथील प्रश्नोत्तरावलींत तर दहा आज्ञांचें विवेचन ‘कृतज्ञता’ या भागांतच घातलें आहे.

रोमन पंथानें याचें उत्तर ट्रेंट येथील धर्मसभेंत १३ जानेवारी १५४७ रोजीं दिलें. रोमन पंथ केवळ कर्मानें मोक्ष मिळतो असें मानतो, ही समजूत या निर्णयाच्या पहिल्याच कलमानें खोटी ठरते. कृपेवांचून निव्वळ आपल्या कर्मानें कोणी निर्दोष ठरतो, हें मत त्यांत निषिद्ध केलें आहे. परंतु कृपा लाभल्यावर केलेलीं सत्कर्में हीं नुसतीं खूण नव्हेत. त्यांनीं ती कृपा वाढते, असें तेथें ठरलें. हेतूविषयीं तर एकतिसावें कलम स्पष्टच आहे. शाश्वत फळाकडे दृष्टि ठेवून सत्कर्म करणारा पाप करतो, असें म्हणणाऱ्याचा त्यांत निषेध आहे. देवाचा गौरव हा पहिला हेतु. फळाची आशा ही त्याच्या जोडीस, आळस झाडण्यापुरती, क्षम्य. पुढें ३१ ऑक्टोबर १९९९ रोजीं आउग्सबुर्ग येथें रोमन पंथ व ल्यूथरीय संघ यांनीं संयुक्त निवेदनावर सह्या करून या तंट्यांतील मूळ मुद्यांवर एकवाक्यता जाहीर केली.

४. आतां कागदपत्रांकडे वळूं. लिस्बन येथें इ. स. १४९८ मध्यें ‘मिझेरिकॉर्दिया’ म्हणजे दयामंडळ स्थापन झालें, व त्याच धर्तीचें मंडळ सोळाव्या शतकांत गोव्यांतही उभें राहिलें. दरिद्री रोग्यांची शुश्रूषा, अनाथ मुलींस हुंडा, मृतांच्या मालमत्तेची व्यवस्था हीं कामें तें करी. या मंडळांच्या नियमांचा पाया चौदा दयाकृत्यांचा आहे. सात देहाचीं, सात आत्म्याचीं. देहाच्या सातांपैकीं सहा वर सांगितलेल्या मत्तयाच्या यादींतलीं. सातवें, मृतास मूठमाती देणें, हें तोबीताच्या ग्रंथावरून आलेलें. प्रॉटेस्टंट पंथ तोबीताचा ग्रंथ प्रमाण मानीत नाहींत. तेव्हां एखाद्या बेवारस पोथींत सात देहकृत्यांची गणना, किंवा शुद्धिस्थानांतील आत्म्यांसाठीं विधि आढळल्यास, ती रोमन परंपरेची असावी असें अनुमान करण्यास सबळ आधार मिळतो.

५. मराठींत ही शिकवण आणणारा पहिला थोर ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स याचें ख्रिस्तपुराण. तें इ. स. १६१६ मध्यें रोमन लिपींत छापून निघालें. त्याच्या सुमारें अकरा हजार ओव्यांत वैकुंठ, मुक्ति, कृपा, पुण्य हे आपलेच शब्द आहेत. वाचकाची चूक होते ती येथेंच. शब्द ओळखीचा, म्हणून अर्थही ओळखीचा, असें तो धरून चालतो. कर्मविपाकांतील पुण्य कर्त्याच्या खातीं जमा होतें व जन्मांतरीं फळतें. स्टीफन्सच्या पंथांतील पुण्यास जन्मांतर नाहीं, आणि तें मुळांत कृपेच्या भांडवलावर मिळविलेलें आहे. तसेंच ख्रिस्ती निरपेक्षता म्हणजे गीतेंतील निष्काम कर्मच, असेंही म्हणतां येणार नाहीं. निष्काम कर्मांत कर्त्यानें फलाची आसक्ति सोडावयाची असते. तर येथें कृतज्ञता किंवा प्रीति हा एक निश्चित हेतु मनांत असावा लागतो.

६. हा भेद केवळ पंडितांचा नाहीं, याचें प्रमाण पंडिता रमाबाईंच्या इ. स. १९०७ च्या इंग्रजी आत्मनिवेदनांत सांपडतें. इंग्लंडांत असतांना फुलम येथें ख्रिस्ती भगिनी पतित स्त्रियांस सन्मानानें वागवून त्यांची सेवा करीत असलेल्या त्यांनीं पाहिल्या. असें कां, हा प्रश्न त्यांनीं विचारला; उत्तरादाखल त्यांस ख्रिस्त व शोमरोनी स्त्री यांची कथा वाचावयास मिळाली. इ. स. १८८३ मध्यें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. परंतु धर्म लाभला तरी प्रत्यक्ष ख्रिस्त आपणांस पुढें सुमारें आठ वर्षांनीं लाभला, असें त्या म्हणतात. तारण हें कमावण्याचें नसून घेण्याचें आहे, हें त्यांस तेव्हां उमगलें. दुष्काळांतील शेंकडों मुलींस आश्रय देणारें केडगांवचें मुक्तिसदन हें या उमगण्यानंतरचें काम आहे. तारण पदरीं पडल्यावर मनुष्य हात जोडून स्वस्थ बसेल, ही जी शंका ल्यूथरच्या विरोधकांनीं घेतली होती, तिचें याहून बोलकें उत्तर महाराष्ट्रांत तरी दुसरें दाखवितां येणार नाहीं.

७. तात्पर्य, ख्रिस्ती दानाचा कागद हातीं येतांच तीन गोष्टी पाहाव्या : दात्याचा पंथ कोणता, फळाची अपेक्षा कोणासाठीं, स्वतःसाठीं कीं मृतांसाठीं, आणि कृपा, पुण्य व उपकार यांपैकीं कोणता शब्द कोठें योजला आहे. अशा लेखांच्या याद्या करतांना संग्राहकांनीं दानाच्या रकमेबरोबर हेतुवाक्यही जसेंच्या तसें उतरून घ्यावें, अशी आमची विनंति आहे. रकमेवरून दात्याची ऐपत कळते. त्या एका ओळीवरून त्याची श्रद्धा कळते, आणि ती ओळ कसरीनें खाल्ल्यावर भरून काढण्यास दुसरें साधन उरत नाहीं.