घाटातला अडत्या

द्रुतगती मार्गावर विजेच्या गाड्यांना टोलमाफीचं धोरण राज्य सरकारने 2025 मध्ये आणलं आणि टोलचे किती पैसे वाचतात याचे हिशेब घरोघरी सुरू झाले. माझा हिशेब वेगळा आहे. अशी गाडी पुण्याहून मुंबईकडे येताना बोरघाट उतरते तेव्हा तिची मोटरच जनित्र होते आणि वीज तयार करते. ती वीज जाते कुठे?

हा प्रश्न बोरघाटाला जुना आहे. 1928 च्या सुमारास आलेली, लोक ज्यांना ‘खेकडा’ म्हणत ती रेल्वेची विजेची इंजिनं उतारावर वीज बनवून डोक्यावरच्या तारेत परत सोडायची. तार ती घ्यायला तयारच असायची. मोटारीच्या डोक्यावर तार नाही; तिला सगळं पोटातच साठवावं लागतं.

पोटात असते लिथियम बॅटरी. ती भरपूर साठवते, पण एकदम भरवलेलं तिला सोसत नाही. विशेषतः थंडीत किंवा आधीच भरलेली असताना. सुपरकपॅसिटर नेमका उलट. क्षणात भरतो, क्षणात रिकामा होतो, लाखो वेळा हे करून थकत नाही. मात्र किलोमागे जेमतेम 5 ते 10 वॅट-तास धरतो. बॅटरी 150 च्या पुढे. मग दोघांना एकत्र नांदवावं, ही कल्पना संशोधकांना भुरळ घालते यात नवल नाही.

पण नांदवायचं कसं? बॅटरीचा व्होल्टेज फारसा हलत नाही. कपॅसिटरचा मात्र वीज काढाल तसा घसरतो. निम्म्यावर आला की त्यातली 75 टक्के ऊर्जा संपलेली असते. दोघांना थेट जोडलं तर बॅटरी त्याला आपल्याच व्होल्टेजवर धरून ठेवते आणि त्याची बहुतेक ऊर्जा आतच अडकून पडते. म्हणून मध्ये बसतो दुहेरी डीसी-डीसी कन्व्हर्टर. सगळ्यात साध्या रूपात दोन इलेक्ट्रॉनिक स्विच आणि एक चोक. सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून तो व्होल्टेज चढवतो किंवा उतरवतो आणि कोणाकडून किती घ्यायचं, कोणाला किती द्यायचं हे ठरवतो.

मार्केट यार्डातला अडत्याच म्हणा ना. त्याच्याशिवाय व्यवहार होत नाही आणि तो अडत सोडत नाही. 100 मधले 95 पुढे देणारा कन्व्हर्टर धरा. वीज आत जाताना एकदा, बाहेर येताना एकदा, म्हणजे हातात 90. सिलिकॉन कार्बाइडच्या नव्या स्विचांनी ही अडत कमी होते, पण त्यांची किंमत गाडीच्या बिलात चढते.

आता घाटाचं गणित करू. 1,800 किलोची गाडी 500 मीटर उतरली की सुमारे अडीच युनिट ऊर्जा सुटते. हवा आणि टायर आपला वाटा घेतात. तरी ती सगळी कपॅसिटरमध्ये धरायची म्हटली तर अर्ध्या टनाचे कपॅसिटर लागतील! उलट शहरात 60 च्या वेगावरून सिग्नलला थांबताना सुटतात 70 वॅट-तास. त्याला पंधरा-वीस किलो पुरे. म्हणजे या जोडीची जागा घाटात नाही, सिग्नलवर आहे. शांघायने 2006 मध्ये थांब्याथांब्यावर भरणारी कपॅसिटर बस चालवली. माझदाने 2012 मध्ये पेट्रोल गाडीत ब्रेकची वीज कपॅसिटरमध्ये घेतली, तीही कन्व्हर्टर लावूनच.

आणि टेस्ला? इलॉन मस्क 1995 मध्ये स्टॅनफर्डला निघाले ते याच कपॅसिटरवर संशोधन करायला. 2019 मध्ये त्यांच्या कंपनीने कपॅसिटर बनवणारी मॅक्सवेल विकत घेतली आणि 2021 मध्ये कपॅसिटरचा धंदा विकून टाकला. मोठ्या बॅटरीच्या गाडीत बॅटरीच झटके पचवते. तिथे अडत्याला पोसणं परवडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. लहान बॅटरीच्या, सतत थांबणाऱ्या वाहनांत मात्र तो आपली अडत वसूल करून देईल.

तोवर एक फुकटचा उपाय. लोणावळ्यात चहाला थांबाल तेव्हा गाडी 100 टक्के चार्ज करू नका. भरलेली बॅटरी घाटातली वीज घेत नाही. पोटात थोडी जागा ठेवूनच उतरा.