रत्नांची नावं (भाग ६) : वैडूर्य

सराफाकडे केतूचा खडा मागितला तर तो लसण्या दाखवतो. मधाळ पिवळा किंवा हिरवट, पैलू न पाडता वरून घुमटासारखा घासलेला. दिव्याखाली बोटांत धरून हळूच कलता केला की एक पांढरी रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकत जाते. खड्याच्या पोटात अतिशय बारीक तंतू समांतर पसरलेले असतात आणि त्यांच्यावर आडवा पडलेला उजेड रेघ होऊन दिसतो. पंचांगात आणि ज्योतिषाच्या पुस्तकांत याच खड्याला वैडूर्य म्हणतात. खनिजशास्त्रात तो क्रायसोबेरिल.

आता कौटिल्याचं ‘अर्थशास्त्र’ उघडा. राजाच्या खजिन्यात कोणती रत्नं घ्यावीत हे सांगताना तो वैडूर्याचे प्रकार देतो : निळ्या कमळाच्या रंगाचं, शिरीषाच्या फुलासारखं, पाण्याच्या रंगाचं, बांबूच्या रंगाचं, पोपटाच्या पंखासारखं. सरकत्या रेघेचा मात्र उल्लेखही नाही. पाण्याचा निळसर रंग, पोपटी, पिवळा ही सगळी बेरिल या वेगळ्याच खनिजाची लक्षणं आहेत. पाचू आणि अ‍ॅक्वामरीन त्याच्याच जातीचे. तेव्हा जुनं वैडूर्य म्हणजे बहुधा बेरिल. नाव पुढे लसण्याकडे गेलं.

शब्द आला कुठून? पाणिनीने तो ‘विदूर’ या गावावरून साधला. यावर इ.स.पू. दुसऱ्या शतकात पतंजलीने अडचण काढली : हा मणी निघतो वालवाय पर्वतात, विदूर गावात त्याला फक्त घासूनपुसून तयार करतात; मग विदूरचा कसा? उत्तरही त्यानेच सुचवलं. व्यापारी जसे वाराणसीला ‘जित्वरी’ म्हणतात, तसे वैयाकरण वालवायालाच विदूर म्हणत असतील. व्याकरणाच्या ग्रंथात खाण आणि कारागिरांचं गाव यांच्यातला हा फरक सापडावा, हे मला फार आवडतं. आजच्या अनेक अभ्यासकांना मात्र विदूरची व्युत्पत्ती नंतर बसवलेली वाटते. त्यांच्या मते पाली-प्राकृतातलं ‘वेळुरिय’ मूळच्या शब्दाला अधिक जवळचं, आणि तो शब्द द्राविडी असावा. माझा कौल त्यांच्याकडे, कारण बेरिल निघत होतं दक्षिणेत. तमिळनाडूत कांगेयमजवळच्या पडियूरला त्याच्या खाणी होत्या आणि कोडुमणलच्या उत्खननात मणी घडवणाऱ्यांच्या कामाच्या जागा सापडल्या आहेत.

तिथून माल रोमला गेला आणि नावही गेलं. ग्रीकांनी ‘बेरिलोस’ केलं, रोमनांनी ‘बेरिलस’. इ.स. ७९ मध्ये वारलेला प्लिनी लिहितो की बेरिल भारताबाहेर क्वचितच सापडतं. भारतीयांना लांबट मणी आवडतात आणि ते हत्तीच्या केसात ओवतात. स्फटिक रंगवून बनावट बेरिल करण्यात भारतीय पटाईत आहेत, असंही तो नोंदवतो. निर्यातीच्या मालात भेसळीची तक्रार तेव्हापासूनची!

मध्ययुगीन युरोपात पारदर्शक स्फटिकालाही बेरिल म्हणू लागले. त्याचे भिंगासारखे तुकडे अक्षरांवर ठेवून वाचत. पुढे चष्मा आला, तेव्हा जर्मन भाषेने त्याला याच शब्दावरून ‘ब्रिले’ म्हटलं. चीनमध्ये बौद्ध ग्रंथांबरोबर गेलेल्या ‘वेळुरिय’चं ‘लिऊली’ झालं आणि अर्थ सरकत रंगीत काच, चकाकत्या झिलईची कौलं इथवर आला. जपानी ‘रुरी’ म्हणजे गडद निळा रंग. म्हणूनच भैषज्यगुरू बुद्धाच्या पूर्ण नावातल्या वैडूर्याचं भाषांतर कुणी बेरिल करतं, तर कुणी लाजवर्द. तिबेटी चित्रांत तो बुद्ध गडद निळा रंगवतात. त्या परंपरेपुरतं लाजवर्दच बरोबर, असं मला वाटतं.

मराठीत हा शब्द दोनदा आला. संस्कृतातून वैडूर्य आणि फारसीच्या वाटेने ‘बिलोर’. बिल्लूर म्हणजे स्फटिक किंवा उंची काच. आपला बिलोरी आरसा त्यातलाच. हे फारसी-अरबी रूपही मूळ त्याच शब्दाचं, असं बहुतेक कोशकार मानतात.

१७९८ मध्ये फ्रेंच रसायनज्ञ वोक्लँ याला बेरिल आणि पाचू यांत नवं मूलद्रव्य आढळलं. त्याच्या संयुगांची चव गोड लागते म्हणून आधी त्याला गोडीवरून नाव मिळालं होतं. टिकलं ते बेरिलियम. लसण्यातही बेरिलियम असतं, पण त्याची घडण वेगळी आणि कठीणपणा बेरिलपेक्षा जास्त. नावातलं साम्य पाहून दोन्ही एकच समजू नका.

बाजारात तशीच रेघ दाखवणारा क्वार्ट्‌झचा स्वस्त खडाही लसण्या म्हणून मिळतो. घ्यायचाच असेल, तर प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रावर ‘क्रायसोबेरिल’ असं लिहिलेलं आहे ना, ते पाहून घ्या. नुसतं ‘कॅट्स आय’ लिहिलेलं पुरत नाही.

(पुढील भागात : पाचू)