पंधराशेतलं पहिलं देणं

सरकारी मदतीचे पैसे खात्यात जमा झाले की बायका त्यांचं काय करतात, यावर आजकाल ज्याला त्याला मत असतं. कुणी म्हणतं साड्या घेतात, कुणी म्हणतं मोबाईलला रिचार्ज मारतात. पारावर बसणारी मंडळी तर 'फुकटची सवय लागली' इथपर्यंत पोचतात. मला मात्र या पैशांचा हिशेब जरा जवळून बघायला मिळतो. आमच्या गल्लीतल्या बचत गटाची वही माझ्याकडे असते. कोण हप्ता कधी भरतं, कोण का थकवतं, सगळं त्या वहीतून कळतं. आमच्या गटातल्या ज्या बायका भाड्याच्या खोलीत राहतात, त्यांचं पंधराशेतलं पहिलं देणं ठरलेलं आहे. खोलीभाडं! वाणी उधारी लिहून ठेवतो, दूधवाला थांबतो, गटाचा हप्ता आम्हीच चार दिवस सांभाळून घेतो. घरमालक थांबत नाही.

भाड्याने राहणं हे मुंबई-पुण्याचं, असं आपल्याला उगीचच वाटतं. २०११ च्या जनगणनेत देशातली शहरी भागातली २७ टक्क्यांहून जास्त कुटुंबं भाड्याच्या घरात होती, आणि 'शहरी' म्हणजे फक्त मोठी शहरं नव्हेत. नगरपालिकेची आपली तालुक्याची गावंही त्यातच आली. खेड्यात भाडेकरू कमी, कारण तिथे पडकं का होईना, घर असतं. पण नवरा गेला, किंवा त्याने टाकलं, की त्या घरात तिच्यासाठी कोपरा उरतोच असं नाही. मग ती मुलं घेऊन तालुक्याला येते. इथे चार घरचा स्वयंपाक मिळतो, दवाखान्यात आयाचं काम मिळतं, मुलांना शाळा जवळ पडते. आणि राहायला मिळते ती दहा बाय दहाची पत्र्याची खोली. मोरी आत, संडास चौघींत एक. लाईटचं वेगळं मीटर नाही, मालक सांगेल तो आकडा.

आमच्या गटात अशी एक आहे. वय पस्तिशीचं, दोन मुलं, पोळ्या लाटायची कामं करते. खोलीभाडं आधी १२०० होतं, मागच्या दिवाळीपासून १८०० झालं. तिला संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला १५०० मिळतात. मी तिला सहज विचारलं, "अगं, मग वरचे तीनशे कुठून आणतेस?" तर म्हणाली, "वरचे तीनशे कामातून जातात ताई. पण हे पंधराशे नसते ना, तर खोलीच मिळाली नसती. एकटी बाई बघून कुणी आत घेईना. मी पासबुक दाखवलं, तेव्हा मालकीणबाई तयार झाल्या."

हे मला नवीन होतं. आपण म्हणतो, १५०० रुपयांत काय होतं? खरंच, संसार होत नाही. पण पोळ्यांच्या कामाचे पैसे कधी वेळेवर, कधी नाही. सुट्टीत लोक गावाला गेले की काम बंद. त्यात दरमहा येणारी एक रक्कम, लहान का असेना, बँकेत दिसते म्हटल्यावर घरमालकाच्या नजरेत त्या बाईची पत वाढते. डोक्यावरचं छप्पर टिकवायला तेवढा आधार पुरतो.

मात्र तो वेळेवर आला तर! मधे एकदा तिचे तीन महिन्यांचे पैसे अडकले होते. तहसीलला चकरा झाल्या. आज साहेब नाहीत, उद्या साईट बंद आहे, परवा आधारचं काहीतरी. शेवटी तिन्ही महिन्यांचे एकदम आले, पण तोवर तिने गळ्यातले चार मणी मोडून भाडं दिलं होतं. एकरकमी आले म्हणून तिचं काही भलं झालं नाही. भाडं महिन्याच्या महिन्याला द्यावं लागतं, हे पैसे सोडणाऱ्यांच्या लक्षात येत नसावं बहुतेक.

ही योजना काही आजची नाही. महाराष्ट्रात ती १९८० पासून आहे. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटिता, दिव्यांग, अनाथ मुलं, पस्तिशी ओलांडलेल्या अविवाहित स्त्रिया, असे पुष्कळ जण तिच्यात बसतात. पासष्टी ओलांडली की श्रावणबाळ योजना. बरीच वर्षं रक्कम ६०० होती. २०१९ मध्ये १००० झाली, मुलं असलेल्या विधवेला शंभर-दोनशे जास्त. २०२३ मध्ये सरसकट १५०० झाली. दारिद्र्यरेषेखालच्या चाळिशीपुढच्या विधवांना यातला काही वाटा केंद्राकडून येतो. केंद्राचा तो वाटा २०१२ मध्ये ३०० केला, त्यानंतर तो तिथेच आहे. २०१२ मध्ये ज्या खोलीचं भाडं पाचशे होतं, तिचं आज काय झालंय ते तुम्हीच आठवून बघा.

आता गंमत बघा. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर या योजनेसाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असावं लागतं. आमच्या पोळीवालीचं भाडं महिना १८००. बारा महिन्यांचे झाले २१,६००. म्हणजे तिने वर्षभराचं नुसतं भाडं स्वतःच्या कमाईतून भरलं असं खरं-खरं सांगितलं, तरी कागदावर ती निराधार उरत नाही! जेवण, औषध, वह्या-पुस्तकं हे तर बाजूलाच. मर्यादेचा हा आकडा कितीतरी वर्षं हललेला नाही. त्यामुळे दाखला काढताना कमी उत्पन्न लिहून घ्यावं लागतं, आणि मग 'बायका खोटे दाखले काढतात' म्हणून पुन्हा बायकांनाच बोल.

मला यावरून एक जुनी गोष्ट आठवली. आमचे हे पोस्टात होते. त्यांच्या पगाराच्या कागदावर 'घरभाडे भत्ता' अशी एक ओळ असायची. आम्ही राहायचो स्वतःच्या घरात, सासऱ्यांनी बांधलेल्या. तरी भत्ता मिळायचा, नियमच तसा. त्यात चुकीचं काही नाही. नोकरी करणाऱ्याला कुठेतरी राहावं लागतं आणि त्याला पैसे पडतात, हे सरकारला पूर्वीपासून मान्य आहे. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ मध्ये केंद्राने ठरवलं, की पगार कितीही कमी असो, घरभाडे भत्ता मोठ्या महानगरात ५४०० च्या खाली, मधल्या शहरांत ३६०० च्या खाली आणि बाकी सगळीकडे, म्हणजे सातारा, जालना, लातूर आणि आपल्यासारख्या गावांत, १८०० च्या खाली जायचा नाही. १८००! पोळीवालीच्या खोलीचं भाडं बरोब्बर तेवढंच. सरकारला आपल्या गावातल्या खोलीचा भाव ठाऊक आहे की! फक्त निराधार बाईची सगळी मदत ठरवताना, त्यात भाडं आलं, भाजी आली, दवाखाना आला, ती त्या एका भत्त्याहूनही तीनशेने कमी ठरते.

'पण घरकुल योजना आहेत ना?' असं तुम्ही म्हणाल. आहेत, आणि ज्यांना त्या मिळाल्या त्यांचं भलं झालंय. प्रधानमंत्री आवास योजनेत खेड्यात सपाट भागात १ लाख २० हजार मिळतात, गावात जागा घ्यायलाही पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची योजना आहे. नगरपालिकेच्या हद्दीत स्वतःच्या जागेवर बांधायचं तर केंद्र आणि राज्य मिळून अडीच लाख. घरावर बाईचं नाव लागावं असा आग्रह असतो, हे तर मला फार आवडतं. पण हे सगळं सुरू होतं 'जागा' या शब्दापासून. गावात ज्यांची जागा नाही, सासरच्या उताऱ्यावर जिचं नाव लागलेलं नाही, जी पत्र्याच्या खोलीत महिन्याच्या बोलीवर राहते, तिच्यासाठी घरकुलाचा अर्ज म्हणजे दुरून डोंगर साजरे. परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची केंद्राची योजना कागदावर आली ती २०२० मध्ये, टाळेबंदीत मजूर पायी गावाकडे निघाले तेव्हा. शहरी आवास योजनेच्या २०२४ च्या दुसऱ्या टप्प्यातही परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा भाग आहे. आमच्या गावात अशी एकही खोली मी अजून पाहिलेली नाही.

माझी एक भाची ब्रिटनमध्ये नर्स आहे. तिच्याशी बोलताना कळलं, की तिथे कमी उत्पन्नवाल्यांना जी मदत मिळते तिच्यात घरभाड्याचा भाग वेगळा मोजतात. खासगी घरमालकाकडे राहणाऱ्यांसाठी त्या त्या भागातली भाडी बघून कमाल रक्कम ठरते, स्वस्तातली तीसेक टक्के घरं तरी तिच्यात बसावीत अशी. तिथेही सगळं आलबेल नाही बरं का! २०२० ते २०२४ ही रक्कम गोठवून ठेवली होती, भाडी मात्र पळत राहिली आणि लोकांना पोटाचे पैसे भाड्यात घालावे लागले. तरी पोटाचा खर्च वेगळा आणि छपराचा वेगळा, एवढी समज त्या पद्धतीत आहे. आपल्याकडे दोन्ही एकाच पंधराशेत.

मग 'लाडकी बहीण' आली, जुलै २०२४ पासून. २१ ते ६५ वयाच्या, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या बायकांना महिना १५००. निराधारचे १५०० ज्यांना मिळतात त्यांना हे मिळत नाहीत, दोन्ही घेता येत नाहीत, हे ध्यानात ठेवा. पण ज्या निराधारच्या नियमात बसत नव्हत्या, अशा पुष्कळ जणींना या पैशांचा आधार झाला. नवऱ्याने टाकलेली एक मुलगी आमच्या गटात आहे. कागदोपत्री अजून लग्न शाबूत, त्यामुळे 'परित्यक्ता' म्हणून सिद्ध करता करता दोन वर्षं गेली. ती माहेरी मागच्या पडवीत राहते. आता दर महिन्याला ती भावजयीच्या हातात हजार रुपये ठेवते. पहिल्यांदा भावजय नको म्हणाली, मग घेऊ लागली. "वहिनी आता डबे आपटत नाही," मुलगी मला म्हणाली, "आणि मीपण चहा मागून पिते." याला भाडं म्हणायचं की काय म्हणायचं, मला ठाऊक नाही. त्या पडवीतलं तिचं राहणं मात्र त्या हजारावर टिकलंय, हे मी बघते आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. पैसे सुरू झाल्यावर दोन-चार महिन्यांतच आमच्या मागच्या आळीत दोन खोल्यांची भाडी वाढली. मालकांचं म्हणणं, "आता तुम्हाला मिळतात ना सरकारकडून!" म्हणजे सरकारने बाईच्या हातात ठेवलं आणि मालकाने अलगद काढून घेतलं. रक्कम वाढवा अशी मागणी सगळे करतात, मीही करते. पण गावात स्वस्त खोल्याच नसतील तर वाढलेली रक्कम कुणाच्या खिशात जाणार? नगरपालिकेने चार चाळी बांधून एकट्या बायकांना माफक भाड्याने दिल्या, तर ते पंधराशे जास्त दिवस पुरतील असं मला वाटतं.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात आहे ते सांगते. सासरहून हाकलून देत असतील तर आधी निघू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने बाईला ती नांदत होती त्या घरात राहण्याचा हक्क दिलाय. ते घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी हा हक्क मागता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलंय. तिथे राहणं शक्यच नसेल, तर दुसऱ्या जागेचं भाडं भरायला कोर्ट नवऱ्याला सांगू शकतं. महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडे अर्ज देता येतो, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

निराधारच्या अर्जाला रहिवासाचा पुरावा लागतो, आणि भाडेकरू बाई तिथेच अडते, कारण मालक काही लिहून देत नाही. त्याला वाटतं, लिहून दिलं की ही खोली बळकावेल. त्याला सांगा, अकरा महिन्यांचा करार नोंदवला तर त्याचंच रक्षण होतं, आणि १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकावरच टाकली आहे. भाडं घेतलं की पावती द्यावी, हेही त्याच कायद्यात आहे. छापील पावती नसेल तर शंभर पानी वही करा, महिना, रक्कम आणि मालकाची सही. मालकीणबाई चिडल्या तर म्हणावं, माझ्या लक्षात राहत नाही हो, म्हणून लिहून ठेवते. आमच्या पोळीवालीने असंच सांगितलं आणि पहिली सही त्यांनी हसत हसत केली. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायला विसरू नका, आधार खात्याला जोडलेलं आहे ना ते बँकेत विचारून घ्या, आणि मुलांच्या वयाचे कागद जपून ठेवा. विधवेची मदत मुलं पंचवीस वर्षांची होईपर्यंत किंवा नोकरीला लागेपर्यंत धरतात, त्यामुळे जन्मदाखल्यावरची तारीख चुकली असेल तर ती आताच दुरुस्त करून घ्या.